पायांपासून उघडणारं पान

खराडीतल्या आमच्या ऑफिसात परवा एक नवीन मुलगी माझ्या टेबलाशी आली आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "मॅम, पेज उघडायला तीन सेकंद लागतायत. यूझर थांबणार नाही."

मी म्हटलं, "का? दूध उतू जातंय का त्याचं?"

ती हसली नाही. हल्लीची मुलं कामाच्या वेळी हसत नाहीत. मी चिडलेय असं समजून तिने विषय बदलला. "तुम्ही कशा आलात हो या फील्डमध्ये? कॉम्प्युटर इंजिनिअरिंग?"

"बी.कॉम.," मी म्हटलं. "आणि गणपती."

तिला वाटलं मी टिंगल करतेय. पुण्यात माणूस खरं बोलला तरी समोरच्याला तसंच वाटतं, त्याला इलाज नाही. तिची मीटिंग होती, ती गेली. माझं मात्र त्या दिवशी कामात लक्ष लागेना. किती वर्षांनी मला दादाची इतकी आठवण आली, आणि तीही भर दुपारी, एसीत बसून.

आम्ही तेव्हा सदाशिव पेठेत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायचो. आई, बाबा, दादा आणि मी. दादा माझ्याहून बराच मोठा. शतक बदलायला आलं होतं. जगातल्या जुन्या कॉम्प्युटरांना म्हणे सालाचे शेवटचे दोनच आकडे कळायचे आणि ते निस्तरायला माणसं कमी पडत होती. आमच्या गल्लीत जिन्याजिन्यावर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. कालपर्यंत तिथे टायपिंग शिकवायचे, आता अमेरिकेला पाठवायचे. दादा दिवसा भोसरीच्या एका कारखान्यात नोकरी करायचा आणि संध्याकाळी अशाच एका जिन्यात जाऊन बसायचा. हप्त्यांवर एक जुळवलेला कॉम्प्युटरही त्याने घरी आणला. आईने लगेच त्याच्यावर क्रोशाचं कव्हर घातलं. मला त्या यंत्राचं काडीचं कौतुक नव्हतं. माझं आपलं बी.कॉम. चाललं होतं आणि बँकेच्या परीक्षा द्यायच्या, एवढंच ठरलेलं होतं.

मग दादाचा व्हिसा आला. जायच्या आधी तो मला चौकातल्या सायबर कॅफेत घेऊन गेला, ई-मेल कसा करायचा ते दाखवायला. ते झाल्यावर त्याने कुठल्याशा परदेशी बागेचं एक पान उघडलं. रंगीत फुलं, खाली इंग्रजी मजकूर. मी "छान आहे" म्हटलं, म्हणायचं म्हणून. त्याने माउसचं उजवं बटण दाबून काहीतरी निवडलं आणि फुलं गायब झाली. पडद्यावर नुसत्या अक्षरांच्या ओळी.

"ही मागची बाजू," दादा म्हणाला. "आईच्या भरतकामाचा रुमाल उलटा करून बघतेस ना, टाका कसा घातलाय ते? तसंच. कुठलंही पान आवडलं की मागची बाजू बघायची. कुणी लपवत नाही. उतरवून घ्यायचं, मोडायचं, परत जोडायचं. क्लासबिस लावू नकोस, पैसे उकळतात नुसते."

बस. दादाने मला शिकवलं ते एवढंच. तो स्वतः त्या जुन्या, अवाढव्य यंत्रांच्या भाषा शिकला होता, पानाबिनांशी त्याचं फारसं देणंघेणं नव्हतं. जाता जाता इंटरनेटवर फुकट मिळणारी थोडी जागा त्याने आमच्या नावावर घेऊन ठेवली, पासवर्ड दोघांत एक. "काहीतरी कर त्याच्यावर," म्हणाला आणि ज्येष्ठात गेला. आई विमानतळावर अजिबात रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सवयीने चार कप चहा टाकला आणि चौथा कप हातात धरून ओट्याशी उभी राहिली, तेव्हा रडली.

श्रावण लागला तशी आईची चुळबुळ वाढली. आमच्याकडे दीड दिवसांचा गणपती. चतुर्थीला बसतो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठतो. मूर्ती आणायचं काम कायम दादाचं. डोक्यावर टोपी, हातात पाट, मूर्तीच्या तोंडावर रुमाल, आणि मागे मी झांजा वाजवत. आई म्हणायची, "मूर्ती काय, हे आणतील. पण त्याला तिकडे दर्शन कुठलं? जन्मल्यापासून एकदाही चुकलं नाही हो त्याचं."

मी तोऱ्यात म्हटलं, "मी घडवते त्याला दर्शन. इंटरनेटवर."

बाबा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "वा! आणि प्रसाद फॅक्सने पाठव."

झालं. मला एवढं पुरेसं होतं. बाबांनी कौतुक केलं असतं तर मी बहुधा विसरूनही गेले असते.

मी कॅफेत जायचे, लोकांची पानं उघडायचे, मागची बाजू फ्लॉपीवर उतरवून घ्यायचे आणि घरी येऊन दादाच्या खुर्चीत बसून ती उसवायचे. घरच्या यंत्राला इंटरनेट नव्हतं, पण पान लिहायला ते लागतही नाही. पहिल्यांदा मी जांभळ्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत 'नमस्कार दादा' लिहिलं. तेही इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी काही केल्या उमटेना. वर अक्षरं लुकलुकत होती. भयानक दिसत होतं. पण मी लिहिलेलं तिथे जसंच्या तसं झालं होतं, आणि त्याचा मला इतका आनंद झाला की मी आईला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. आईने पदराला हात पुसत बघितलं आणि म्हणाली, "ट्यूब खराब झालीये का गं?"

एक कंस विसरला की यंत्र अख्खं पान गिळून बसायचं. मग ओळीओळीतून तो शोधायचा. सापडला की पान एकदम उघडायचं आणि मी खुर्चीतच टुणकन उडी मारायचे. अकौंटन्सीच्या ताळेबंदाने मला असला आनंद कधी दिला नाही. जेवायला हाका मारून आई दमायची. त्या महिन्यात मला काहीतरी लागलं ते लागलंच, आजतागायत सुटलेलं नाही.

रंगीत तालीम म्हणून मी दादाच्या सायकलचा फोटो पानावर चढवला आणि कॅफेत जाऊन उघडून बघितला. तेव्हाचं इंटरनेट म्हणजे काय वर्णावं! फोटो वरून खाली एकेक पट्टी करत उतरायचा. आधी हँडल, मग दांडी, मग सीट, आणि चाकं येईपर्यंत कॅफेवाल्या काकांचा चहा पिऊन व्हायचा. तरी मी खूश. घरी येऊन आईला सगळं साग्रसंगीत सांगितलं. "आधी मुकुट दिसेल, मग सोंड, मग पोट, असा हळूहळू येईल बाप्पा."

आई कणीक मळत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे पाय शेवटी?"

"हो. वरून खाली येतं ना ते."

"अगं, मग ते दर्शन कसलं?" आई म्हणाली. "देवापुढे गेलं की नजर आधी पायांवर. मग हळूच वर. मुखाकडे सगळ्यात शेवटी बघायचं. देवाच्या तोंडाकडे टकामका बघत उभं राहायचं आणि पाय यायची वाट पाहायची, ही कुठली रीत?"

मी समजावून पाहिलं. आई, यंत्राला ते कळत नाही. आई, फोटो तसाच उघडतो, जगभर तसाच. आईचं म्हणणं एकच, यंत्राला कळत नसेल तर तू सांग ना त्याला, तुझं ऐकतं म्हणतेस ना.

मी वैतागले. पाय आपटत गॅलरीत गेले. पण खरं सांगते, गॅलरीत उभी होते तेव्हाच माझ्या मनात आलं, की सांगता येईल का? कुठल्याच पानाच्या मागच्या बाजूला मला हे सापडणार नव्हतं, कारण जगात कुणाला पाय आधी दाखवायचे नव्हते. उतरवून घ्यायची सोय संपली होती.

मग मी सायकलच्या फोटोचे आडवे तुकडे केले. पानावर त्यांच्या जागा आधीच रिकाम्या आखून ठेवल्या. आणि पानाला सांगितलं, आधी सगळ्यात खालचा तुकडा आण. तो पुरता येऊन बसला की त्याच्या वरचा. असं करत वर जा. लिहायला सोपं वाटतंय, माझा उरलेला श्रावण त्यात गेला. कधी सीट जमिनीवर आणि चाक आकाशात. कधी सगळे तुकडे एकदम मागायचं आणि एकही यायचा नाही. शेवटी एका दुपारी कॅफेत पडद्याच्या तळाशी चाकं उमटली, आणि मग दांडी, आणि मग हँडल. मी ओरडलेच. काका म्हणाले, "ताई, हा कॅफे आहे, सारसबाग नव्हे."

चतुर्थीला बाबा मूर्ती घेऊन आले. प्रतिष्ठा झाली, रुमाल निघाला आणि मी फोटो काढला. एकाच फोटोसाठी रोल धुवायला द्यायचा म्हणजे उरलेला संपवायला हवा. म्हणून मग आईचे, मोदकांचे, शेजारच्या काकूंचे, त्यांच्या नातवाचे, असे दिसेल त्याचे फोटो काढत सुटले. तासात फोटो धुवून देणाऱ्या दुकानात जाऊन बसले. फोटो हातात आला तो घेऊन कॅफेकडे पळत गेले, तर शटर बंद. वर खडूने लिहिलेलं, 'गणपती फक्त तुमच्याकडेच असतो असे नाही.'

घाई का होती ते सांगायला हवं. आईने बजावलं होतं, दर्शन व्हायचं ते गणपती पाटावर असताना. विसर्जन झाल्यावर फोटो दाखवलास तर ती नुसती तसबीर, त्याला दर्शन म्हणत नाहीत. उद्या संध्याकाळी आमचा गणपती उठणार. त्याच्या आत दादाने बघायला हवं होतं.

काका त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. मी बेल दाबली. दार उघडलं ते रेशमी सोवळ्यातल्या, उघड्या अंगाच्या काकांनी. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आरती येते?"

"येते."

"मग आधी म्हणा."

मी त्यांच्या घरच्यांबरोबर सगळ्या आरत्या म्हटल्या, टाळ्या वाजवल्या, प्रसाद घेतला. मग काका तसेच सोवळ्यात खाली आले, अंग चोरून दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "कुलूप तुम्हीच काढा, बटणं तुम्हीच दाबा. मला शिवू नका. नैवेद्य राहिलाय अजून." फोटो स्कॅनरमध्ये घालायचा, तुकडे करायचे, पान चढवायचं, सगळं त्यांनी लांबून सांगितलं आणि मी केलं. फोन लावताना मोडेम नेहमीसारखा केकाटला. काकांनी नकळत हात जोडले.

दादाचा फोन रात्रीच्या जेवणाआधी आला. तिकडे त्याची सकाळ. फोन आईने घेतला आणि तिच्याजवळ डोकं नेऊन मी ऐकलं.

"आई, बघितला गं!" तो ओरडत होता. "पाय आधी आले! मला कळेचना काय येतंय. पायांखाली पाट दिसला आपला. मी उभाच राहिलो गं खुर्चीतून. सगळे बघायला लागले माझ्याकडे."

आईने फोन माझ्या हातात दिला आणि देवापुढे जाऊन बसली.

"ए," दादा म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "मी मागची बाजू बघितली. हे कुठून उतरवलंस?"

"कुठून नाही. माझं मीच केलं."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. त्या काळात परदेशच्या फोनवर कुणी गप्प बसत नसे, मिनिटाला जीव जायचा. मग म्हणाला, "शाब्बास गं." त्या दोन शब्दांवर मी बँकेच्या परीक्षा सोडल्या, असं म्हटलं तरी चालेल. पुढे कितीजणांनी माझं काम वाखाणलं, बक्षिसंबिक्षिसंही मिळाली. पण मी लिहिलेलं कुणीतरी उलटं करून बघितलं, टाका ओळखला, आणि तो कुणीतरी दादा होता, ते सुख मला परत मिळालं नाही. "पुढच्या वर्षी नक्की येतो," हे त्याने फोन ठेवताना म्हटलं. तेही मला स्वच्छ आठवतं.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं. घरी येऊन पाट जागेवर ठेवला, त्यावर चिमूटभर अक्षता. आई म्हणाली, "आता त्या पानावरूनही उठवायला हवा. गेलेला देव बसवून ठेवू नये." मग मी रिकाम्या पाटाचा फोटो काढला आणि तोच पानावर ठेवला. वर्षभर तिथे पाट आणि अक्षता.

पुढच्या वर्षी दादा आला नाही. सुट्टी मिळेना. त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दर्शन झाल्यावर फोनवर म्हणाला, "आई, खरं सांगू? आता इतकं लांब आल्यासारखं वाटत नाही. हिच्या पानामुळे सगळं इथेच दिसतं." आई "हो ना, हो ना" म्हणत राहिली. मी फोन घेतला तर त्याला मीटिंगला जायचं होतं. मागच्या बाजूचं काही बोलणं निघालं नाही. त्या वर्षी मी मोदकाला हात लावला नाही आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या वर्षी श्रावणात आई माझ्यामागे येऊन उभी राहिली. मी तोवर दोन मंगल कार्यालयांची आणि कॅफेवाल्या काकांची पानं करून दिली होती, त्यातलंच काही चाललं होतं.

"यंदा ते पान नको करूस," आई म्हणाली.

"का गं?"

"घरबसल्या दर्शन होतंय म्हटल्यावर तो येईल कशाला?" तिने कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं कव्हर उगीचच सारखं केलं. "चुकू दे एकदा. चुकलं की चुटपुट लागेल. चुटपुट लागली की येईल."

बाबा म्हणाले, "अगं, पोरगा आहे तो, मासा नव्हे, गळ टाकून बसायला." पण त्यांचा आवाज नेहमीसारखा तिरकस नव्हता. त्यांनाही तो यायला हवाच होता. मला तर किती हवा होता! मी त्याच्या खुर्चीत बसून त्याच्या यंत्रावर सगळं शिकले होते आणि ते दाखवायला तोच नव्हता.

मी पान केलं नाही. चतुर्थीला फोन आला.

"अगं, पाट रिकामाच दिसतोय. चढलं नाही का? का चुकलंय काही?"

मी काही बोलायच्या आत आईने फोन घेतला. "काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "गणपती घरी बसलाय. बघायचाय ना? मग ये."

तो "बरं" म्हणाला. थोडं बाबांशी बोलला, तब्येतीबिब्येतीचं, आणि फोन ठेवला. आई दिवसभर बरी होती. "लागली चुटपुट," असं दोनदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांच्या कामासाठी कॅफेत गेले. सवयीने आमचं पान उघडलं. पडद्याच्या तळाशी पाय उमटले.

मला काही समजेना. पायांखाली पाट, पुढे मोदकांचं ताट, मग पोट, सोंड, मुकुट. ही आमची यंदाची मूर्ती नव्हती. गेल्या वर्षीची होती. मी केलेले तुकडे त्याने तेव्हा उतरवून ठेवले असणार, आणि पासवर्ड त्याच्याकडे होताच. पाट रिकामा बघवेना, म्हणून त्याने रात्रीतून तो गणपती परत आणून बसवला होता. आमचा वर्षापूर्वी विसर्जन केलेला गणपती.

घरी आले तर आई उत्तरपूजेची तयारी करत होती. सांगू नये असं फार वाटलं. पण माझा चेहरा तिला वाचता यायचा, काय झालं म्हणून तिने विचारलंच. मी सांगितलं. वाटलं, गेलेला देव बसवला म्हणून चिडेल.

आई चिडली नाही. हातातली दूर्वांची जुडी तिने ताटात ठेवली.

"म्हणजे त्याने आपला वेगळा बसवला," ती म्हणाली.

आमच्या घराण्यात गणपती एकच. सगळे भाऊ थोरल्याकडे जमायचे. धाकटे काका कोथरूडला राहायला गेले तरी वर्षानुवर्षं गणपतीला इकडेच यायचे, आणि ज्या वर्षी त्यांनी स्वतःची मूर्ती आणली त्या वर्षी सगळ्यांना काय ते समजलं. भांडण नाही, तंटा नाही. घर वेगळं झालं, एवढंच. जिथे गणपती बसतो ते त्या माणसाचं घर. आई या रीतीत मुरलेली, तिला दुसरं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी म्हणत राहिले, अगं नुसता फोटो आहे, त्याला तुझी आठवण आली म्हणून ठेवला. ती म्हणाली, "आठवण येते गं. आठवण यायला माणूस लांबच लागतो." आणि दूर्वा उचलून कामाला लागली. त्या संध्याकाळी विसर्जनाला ती आली नाही. पाय दुखतायत म्हणाली.

तिने मग वाट पाहणं सोडलं. म्हणजे आम्हाला तसं दाखवलं. दिवाळीनंतर समोरच्या घरातली मुलगी तिकडे निघाली होती. तिच्याबरोबर आईने तिच्या माहेरची छोटी पितळी गणपतीची मूर्ती पाठवली. बरोबर पळी-पंचपात्र, जानव्याचा जोड आणि अंगावरची एक जुनी साडी, आसनाला म्हणून. "पितळेचा बरा," म्हणाली. "तिकडे नदी शोधत कुठे फिरेल? जागेवरून हलवला की विसर्जन झालं." पाट तेवढा मावला नाही. आईने तो पिशवीत आडवा घालून बघितला, तिरका घालून बघितला, आणि मग तसाच भिंतीला लावून ठेवला.

चौथ्या वर्षी चतुर्थीला दोन गणपती बसले. आमचा इथे, त्याचा तिकडे. आईने फोनवर त्याला पूजा सांगितली. आता पाणी वाहा, आता गंध, आता फूल. शेवटी तो रडायला लागला. "आई, मी यायला हवं होतं गं." आई म्हणाली, "नैवेद्य दाखव आधी, गार होतोय." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, आमच्या पानावर त्याने त्याचा गणपती बसवलाय, आईला दाखव.

आई त्या दिवशी पहिल्यांदा कॅफेत आली. नवी साडी नेसली होती. चपला बाहेर काढायला लागली, तर काका म्हणाले, "राहू द्या हो वहिनी, इथे देव नाहीत, नुसती वायर आहे." तरी तिने काढल्याच. मी तिला खुर्चीत बसवलं आणि पान उघडलं.

पान वरून उघडायला लागलं. दादाने एकच अख्खा फोटो चढवला होता. तुकडे करायची भानगड त्याने केली नव्हती. मी जीभ चावली. "आई, हा वरून येतोय. मुकुट आधी येईल."

आईने डोळे मिटून घेतले. हात जोडले. "पाय आले की सांग."

पट्टी पट्टी करत फोटो उतरत होता. भिंत, खिडकी, खिडकीबाहेर कुठलं तरी झाड. मग गणपतीचा मुकुट दिसला आणि त्याच्या शेजारी केस दिसले. दादा मूर्तीपाशीच बसला होता. कपाळ आलं, चष्मा आला. चष्मा आम्हाला ठाऊक नव्हता. मग गाल, हनुवटी. इतक्या वर्षांनी मी त्याला बघत होते, आणि आई शेजारी डोळे मिटून बसली होती.

"पाय आले का गं?"

"येतायत."

माझा आवाज ऐकून तिला काही कळलं असेल की काय कोण जाणे. फोटो रेंगाळत होता. हळूहळू सोंड, पोट, आणि अगदी शेवटी पितळेचे ते इवलेसे पाय, खाली आईची साडी पांघरलेलं एक खोकं.

"आले," मी म्हटलं.

आईने डोळे उघडले. देवाचे पाय आधी बघायचे म्हणून आम्हा सगळ्यांना वेठीला धरणारी माझी आई, तिने पायांकडे बघितलंच नाही. मुकुटाकडेही नाही. ती सरळ दादाकडे बघत राहिली. मग एक बोट पुढे करून तिने त्याच्या गालावर टेकवलं. कॅफेत काचेला हात लावलेला काकांना मुळीच चालायचा नाही, भिंतीवर तशी पाटीच होती. काकांनी पाहिलं आणि पाठ फिरवून ते टेबल पुसायला लागले.

"वाळलाय गं," आई म्हणाली.